जुन्या जीपला चाकं-टायर घेताय? आकडा जुळला म्हणजे टायर बसला असं नाही

अमरावती/अकोला : ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर नजर टाका, बऱ्याच ट्रॅक्टरवर ६.००-१६ असं लिहिलेलं सापडेल. जुन्या महिंद्रा जीपच्या टायरवरही तेच, ६.००-१६. आकडा सारखा, गोलाई सारखी, रिमवरही तो सहज चढतो. मग ट्रॅक्टरचा अर्धा घासलेला जोड घरी पडलेला असताना जीपला नवे टायर काहून घ्यायचे, असा हिशेब कोणाच्याही डोक्यात येईल.

हा हिशेब जिवावर बेतणारा आहे. ट्रॅक्टरच्या टायरच्या बाजूला वजनाच्या आकड्याला लागूनच ए ६ किंवा ए ८ अशी खूण असते. ए ६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए ८ म्हणजे ४०. त्याच्यापुढे तो टायर पळवायचाच नाही. त्याचं रबर जाड, वीण नायलॉनची, आणि पुढच्या टायरवरच्या त्या उंच धारा नांगरलेल्या वावरात चाक वळावं म्हणून दिलेल्या. असा टायर डांबरी रस्त्यावर ७०-८० च्या स्पीडने धावला की आतून तापत जातो, थर सुटतात आणि फुटतो. ओल्या रस्त्यावर त्या दोन-तीन धारांखेरीज रबर टेकतच नाही, त्यामुळे ब्रेक मारला की जीप घसरत जाते.

जुन्या गाडीला चाकं-टायर निवडण्यातली सगळी गोम या एका उदाहरणात आहे. दुकानदार आकडा विचारतो, आपण आकडा सांगतो, आणि बाकीच्या सहा-सात गोष्टी कोणी विचारत नाही.

वऱ्हाडात जीपचा सोस काही आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या नमुन्यावर महिंद्राने ही गाडी भारतात आणली, आणि मेळघाटातल्या वाटांपासून गावोगावच्या प्रचारापर्यंत तिने पिढ्या काढल्या. आता कंपनीतून तशी जीप मिळत नाही, म्हणून तरुण मंडळी जुनी गाडी उचलून नव्याने उभी करतात. काहीजण हरियाणातल्या मंडी डबवालीकडून तयार जीप आणतात. तिथे जुन्या विलीजसारखी दिसणारी गाडी सुटे भाग जोडून उभी करतात. हौसेच्या मोटारींचंही तसंच आहे. आपल्याच राज्यात अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने रोडस्टर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवली. तिचा नमुना १९५७ साली आलेल्या इंग्लंडच्या लोटस सेव्हनचा, बॉडी फायबरची आणि इंजिन इसुझूचं.

अशा घडवलेल्या गाडीची अडचण एकच. शोरूमच्या गाडीला दाराच्या कडेला कंपनीने स्टिकर लावलेलं असतं, त्यावर टायरचा आकार आणि हवा लिहिलेली असते. इथे हब एका गाडीचा, एक्सल दुसऱ्या गाडीचा, इंजिन तिसऱ्याचं. स्टिकर कोण लावणार? ते काम मालकानेच टेप घेऊन करायचं असतं.

मोजणी हबपासून

बरेच लोक आधी टायर पसंत करतात, मग त्याला रिम शोधतात आणि शेवटी ती रिम हबवर ठोकून बसवतात. क्रम नेमका उलटा पाहिजे. हब बदलणं सगळ्यात महागाचं, म्हणून सुरुवात तिथूनच.

पहिलं माप बोल्टच्या वर्तुळाचं. दुकानात याला पीसीडी म्हणतात. चार किंवा सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मधोमधचं अंतर म्हणजेच पीसीडी. पाच बोल्टला समोरासमोर बोल्ट येतच नाही, तिथे लोक अंदाजाने टेप धरतात आणि फसतात. पाच बोल्टचा सोपा हिशेब असा : शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि त्याला १.७ ने गुणा. जुन्या जीपवर हे अंतर साधारण ८२ मिलिमीटर भरतं, गुणाकार येतो १३९.४. म्हणजे पीसीडी १३९.७ मिलिमीटर, जुन्या मापात साडेपाच इंच. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर पुन्हा मोजा. ‘थोडं ओढून बसते’ असं सांगणाऱ्याकडून रिम घेऊ नका. ओढून बसवलेल्या चाकाचे बोल्ट वाकतात आणि एक दिवस तुटतात.

मारुती जिप्सीचा पीसीडीही पाच बोल्टचा, १३९.७ च. म्हणून जिप्सीच्या रिम जीपला चालतील असं सर्रास सांगतात. पण बोल्ट जुळले तरी मधलं भोक आणि ऑफसेट ही दोन मापं वेगळी असू शकतात. मधलं भोक हबपेक्षा लहान असेल तर रिम बसणारच नाही. मोठं असेल तर बसेल, पण मग चाक मध्यावर धरण्याचं सगळं काम नटांवर येतं. अशा वेळी नट रिमच्या खाचेला नेमके बसणारे पाहिजेत. काही रिमची खाच निमुळती असते, काहींची गोल वाटीसारखी. निमुळत्या खाचेत गोल नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि रस्त्यावर सैल होतो.

जुन्या विलीज पद्धतीच्या काही जीपला डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. हे माहीत नसलेला पोऱ्या पान्याला पाइप लावून जोर करतो. नट सुटत नाही, बोल्ट तुटतो. बोल्टच्या टोकावर ‘एल’ ही इंग्रजी खूण दिसते का, ते आधी पुसून पाहायचं.

मिलिटरीच्या जुन्या जीपची रिम मिळाली तर आणखी एक खबरदारी. त्यातल्या काही रिम दोन अर्ध्या ताटल्या बोल्टने जोडून केलेल्या असतात. चाकाचे नट कोणते आणि ताटल्या जोडणारे नट कोणते, हे ओळखल्याशिवाय पाना लावू नये. टायरमध्ये हवा असताना ताटलीचे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग गोळीसारखा उडतो. अशी रिम उघडण्याआधी वॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडायची, त्यात हयगय नको.

ऑफसेट म्हणजे चाक किती आत, किती बाहेर

रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या बरोबर मध्यावर आहे, आतल्या अंगाला आहे की बाहेरच्या, याला ऑफसेट म्हणतात. रुंद रिम घेतली की चाक मडगार्डच्या बाहेर निघतं, गाडी चौकात उभी केली की भारी दिसते. दिसण्याचं मोल बेअरिंग चुकवतं. गाडीचं वजन हबपासून जितकं लांब टेकेल, तितका बेअरिंगवर, बोल्टवर आणि किंगपिनवर ताण. स्टेअरिंग जड होतं, खड्ड्यात हाताला झटके बसतात. किंगपिन आधीच झिजलेले असतील तर ५०-६० च्या स्पीडला पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात, आणि ती थरथर ब्रेक मारूनही लवकर थांबत नाही. हब आणि रिमच्या मध्ये लोखंडाची चकती टाकून चाक बाहेर काढायचा जुगाड याच कारणाने वाईट.

चाक फार आत गेलं तर दुसरा त्रास. टायर पाट्याला, टायरॉडला किंवा ब्रेकच्या पाइपला घासतो. पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतला असेल तर १५ इंची रिम कॅलिपरला घासते का, हे चाक हाताने पूर्ण फिरवून पाहावं लागतं.

नवी रिम-टायर विकत घेण्याआधी दुकानदाराकडून एक चाक चढवून पाहायला मागा. देत नसेल तर दुसरं दुकान बघा. चाक चढवल्यावर मागे पाच-सहा माणसं बसवा म्हणजे पाटे दबतात, मग स्टेअरिंग पार डावीकडे आणि पार उजवीकडे वळवा. घासण्याची शंका असेल तिथे भिजवलेल्या मातीचा गोळा चिकटवा आणि गाडी हळू पुढेमागे घ्या. गोळा दबून किती उरला तेवढीच जागा शिल्लक. बोटभर तरी पाहिजे, कारण खड्ड्यात पाटे याच्यापेक्षा जास्त दबतात.

टायरवरचे आकडे काय सांगतात

बोलेरोच्या टायरचं उदाहरण घेऊ. २१५/७५ आर १५. टायर २१५ मिलिमीटर रुंद. त्याची बाजूची भिंत रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १६१ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचे इंच. १५ इंचाचे ३८१ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की चाकाची उभी उंची ७०३ मिलिमीटर, जवळपास पावणेअठ्ठावीस इंच.

जुन्या ६.००-१६ ची उंची २८ ते २९ इंच. तिला रेडियलमध्ये जवळचा पर्याय २३५/७५ आर १५, उंची ७३३ मिलिमीटर. पण त्याला सहा ते आठ इंच रुंद रिम लागते. विलीजची मूळ रिम साडेचार इंचाची. अरुंद रिमवर रुंद टायर दाबून बसवला की टायर मध्येच फुगतो, मधलं रबर आधी झिजतं आणि वळणावर गाडी हेलकावे खाते. चिखलदऱ्याच्या घाटात हे नको. आजकालचे ३१ इंची जाडजूड टायर, ज्यावर ३१ गुणिले १०.५ असं लिहितात, त्यांना तर सात ते नऊ इंचाची रिम पाहिजे.

उंची वाढली की स्पीडोमीटर खोटं बोलतो. समजा गाडी २१५/७५ आर १५ वर बरोबर स्पीड दाखवत होती आणि तिला थारचे उतरवलेले २४५/७५ आर १६ बसवले. नवी उंची ७७४ मिलिमीटर, बरोबर दहा टक्के जास्त. काटा ६० वर असताना गाडी खरी ६६ ने पळते. इंजिनला चढावर तेवढाच जोर कमी पडतो, क्लच लवकर जळतो, आणि ब्रेकचा ड्रम तोच राहिल्यामुळे तेवढंच दाबून गाडी कमी थांबते. म्हणून जाणकार मेकॅनिक उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आतच ठेवतात.

फोर बाय फोर जीपला एक पथ्य जास्त. चारही टायर एकाच उंचीचे पाहिजेत, स्टेपनीसकट. पुढे वेगळे आणि मागे वेगळे लावून फोर बाय फोरचा दांडा टाकला की गिअरबॉक्स आतल्या आत पीळ खातो. नायलॉन आणि रेडियल यांची मिसळही करायची नाही. एकाच एक्सलवर तर मुळीच नाही.

रुंद टायर आणि काळी माती

रुंद टायर चिखलात चालतो, ही समजूत रेतीसाठी खरी आहे, कारण रेतीवर रुंद टायर वर तरंगतो. आपली काळी माती वेगळी. एका पावसात ती टायरला चिकटते, नक्षी बुजते, आणि रुंद टायर व मडगार्डच्या मध्ये आधीच जागा कमी, तिथे चिखल भरून चाक जाम होतं. मूळ जीपचा सहा इंची टायर अरुंद आणि मोकळ्या नक्षीचा होता, तो चिखल झटकत खालची टणक थर शोधायचा. पांदण रस्त्यावर रोजचं जाणं-येणं असेल तर रुंदीपेक्षा मोकळी नक्षी आणि मडगार्डखालची जागा जास्त कामाची. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी मुरलेल्या वावरात कोणताच टायर जादू करत नाही, तिथे जीप धुऱ्यावर ठेवलेलीच बरी.

नक्षीच्या टायरची दुसरी बाजू हायवेवर कळते. लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये सलग डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला, आणि आता मूर्तिजापूरकडे जाणारा हा महामार्ग मऊसूत आहे. अशा रस्त्यावर मोठ्या ठोकळ्यांचा चिखली टायर भुणभुणतो, डिझेल जास्त खातो आणि ओल्यात ब्रेक कमी धरतो. महिन्यातले पंचवीस दिवस डांबरावरच जाणार असाल तर मधल्या नक्षीचा टायर घ्या.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी रिम घेताना आणखी एक विचार करावा. खाऱ्या बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की लोखंडी रिमला कडेने गंज चढतो आणि ट्यूबलेस टायरची हवा तिथूनच हळूहळू जाते. तरीही खेड्यात लोखंडी रिमच बरी. खड्ड्यात चेपली तर ठोकून सरळ होते. अलॉय तडकली की संपली, आणि तडा पुष्कळदा आतल्या बाजूला असल्यामुळे दिसतही नाही. जुन्या पद्धतीच्या रिमच्या आत टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो, अशा रिमवर ट्यूब घालूनच टायर चालवायचा.

वजन धर्मकाट्यावर

टायरच्या आकारानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, जसं १०० एस. १०० म्हणजे एक टायर पूर्ण हवेवर ८०० किलो पेलतो. ९५ म्हणजे ६९०, ९१ म्हणजे ६१५. एस म्हणजे ताशी १८० पर्यंतचा वेग, क्यू म्हणजे १६०.

आपल्या गाडीला किती पाहिजे हे अंदाजाने ठरवू नका. डिझेल इंजिन बसवलेल्या जीपचं नाक मूळ गाडीपेक्षा बरंच जड होतं. जिनिंग किंवा बाजार समितीजवळच्या धर्मकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग फक्त मागची. माणसं आणि सामान भरून घ्या. मागच्या एक्सलवर समजा ९०० किलो आले, तर एका टायरवर ४५०. त्यावर भरपूर सूट ठेवून टायर निवडा. पण मालवाहू गाडीचे दहा प्लायवाले टायर हलक्या जीपला लावू नका. ते दबतच नाहीत, गाडी उड्या मारते आणि ओल्या वळणावर सुटते. अलिबागच्या रोडस्टरसारख्या हलक्या गाडीला तर हे दुप्पट लागू.

हवेचं माप ठरवायला खडू पुरतो. टायरच्या रुंदीवर आडवी रेघ मारा आणि सरळ सपाट रस्त्यावर शे-दोनशे पावलं गाडी चालवा. रेघ फक्त मधून पुसली तर हवा जास्त, फक्त कडेने पुसली तर कमी, सारखी पुसली तर बरोबर. मात्र भरलेल्या गाडीला आणि लांबच्या प्रवासाला हवा थोडी चढतीच ठेवावी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, रस्ता त्याहून तापतो. कमी हवेचा टायर अशा दिवशी आधी फुटतो, जास्त हवेचा नाही. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. तापलेल्या टायरची ‘वाढलेली’ हवा सोडणं ही नेहमीची चूक आहे.

जुना टायर घेत असाल तर

वरून नवीकोरी नक्षी पाहून भुलू नका. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षं उलटलेला टायर गोदामात पडून असला तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं. भिंतीला नखाने दाबून बारीक भेगा दिसतात का पाहा. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि कायद्याने चारचाकीचा टायर तिथेच बाद. नव्या टायरवर आयएसआयची खूण असलीच पाहिजे.

धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वर भागातल्या लोकांना समृद्धी महामार्ग दाराशी आहे. सिमेंटचा रस्ता, मोटारीला १२० ची मर्यादा, आणि तासन्‌तास एकाच वेगाने पळणारी चाकं. जुन्या टायरच्या जीपने तिकडे जायचंच नाही, असं ठरवलेलं बरं.

कागदाची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला दुसरा आकार बसवला तर सहसा वाद होत नाही. मडगार्डच्या बाहेर निघालेली चाकं मात्र लांबूनच दिसतात, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीलाही दिसतात.

बाहेरच्या राज्यातून जीप आणत असाल तर चाकांचा विचार नंतर. आधी चेसिसवर ठोकलेला नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा, परिवहन विभागाच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून तपशील जुळवा, आणि मूळ आरटीओची एनओसी हातात घ्या. ती नसेल तर एमएच २७ काय किंवा एमएच ३० काय, नंबर मिळणार नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्या तपासणीत टायरही बघतात.

सगळं जुळलं आणि चाकं चढली की नट एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. एकाच बाजूने आवळत गेलात तर रिम तिरपी बसते. त्यानंतर ५० ते ८० किलोमीटर गाडी चालली की पुन्हा पाना लावा. नव्या रिमचा रंग दबतो आणि नट थोडे ढिले होतात. चांदूर बाजारहून दर्यापूरला पोचलात की परतीला लागायच्या आधी हे काम करून घ्या.